डेंगी-फ्लूच्या तापात स्पिरुलिना, क्लोरेला: कधी, किती आणि कधी मुळीच नाही

काउंटर_टिळकवाडी
पावसाळा उतरणीला लागला की मेडिकलमध्ये एकच मागणी असते, “प्लेटलेट वाढवायच्या हिरव्या गोळ्या द्या.” आधी किवी आणि पपईच्या पानाचा रस होता, आता स्पिरुलिना आणि क्लोरेला या वाळवलेल्या शेवाळांची भर पडली आहे. डबीवर ‘इम्युनिटी’, ‘सुपरफूड’, ‘६० टक्के प्रथिनं’ असं सगळं छापलेलं असतं. टाकीत घरगुती केलेली पावडरही सुट्या पाकिटात मिळते.
इथे आहारवाले, डॉक्टर आणि टाकीत हे शेवाळ पिकवणारे तिघंही आहेत, म्हणून धागा काढतोय. ताप अंगात असताना याचा काही उपयोग आहे का? नंतरच्या अशक्तपणात घ्यायचं तर किती? आणि सुटा माल घ्यावा का? ‘आमच्या शेजाऱ्यांना गुण आला’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

आहार_अक्का
आधी हिशोब मांडते, मग बाकीची चर्चा सोपी जाईल.
सुक्या स्पिरुलिनाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ५७ ग्रॅम प्रथिनं आणि २८ मिलिग्रॅम लोह असतं. आकडा खरा आहे, पण १०० ग्रॅम खातो कोण? बाजारात नेहमीची गोळी ५०० मिलिग्रॅमची. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली तर दिवसाला १ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम प्रथिनं. ६० गोळ्यांची अख्खी डबी ३० ग्रॅमची, त्यात १७ ग्रॅम प्रथिनं. तेवढी तीन अंड्यांत मिळतात. मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम आहेत, वाटीभर घट्ट आमटीत ६-७.
तापातून उठलेल्या ५५ किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत. ती गोळीतून भरून निघणार नाहीत. गोळीचा फायदा झालाच तर लोह, बीटा-कॅरोटीन आणि तांब्यासारख्या बारीकसारीक गोष्टींचा. ५ ग्रॅम पावडरमध्ये १.४ मिलिग्रॅम लोह येतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह धरलंय, त्यावरून काय ते समजा. जस्त आणि क जीवनसत्त्व तर नावालाच आहे. एका पेरूत जेवढं क असतं तेवढ्यासाठी किलोभर पावडरही पुरायची नाही.

ओपीडी_खानापूर
अक्कांनी पोषणाचं सांगितलं. मी तापाचं सांगतो, कारण खरा घोटाळा तिथंच होतो.
डेंगीत प्लेटलेट साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात, ताप गेल्यावर तळ गाठतात आणि सातव्या-आठव्या दिवसापासून आपोआप चढायला लागतात. आता पाचव्या दिवशी कुणी गोळी सुरू केली आणि आठव्या दिवशी आकडा चढला, की श्रेय गोळीला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. स्पिरुलिनानं डेंगीत प्लेटलेट वाढतात हे माणसांवरच्या नीट चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. उलट प्रयोगशाळेत त्यातला निळा रंग, म्हणजे फायकोसायनिन, प्लेटलेटना एकमेकींना चिकटण्यापासून अडवताना दिसलाय. परीक्षानळीत दिसलं ते माणसात तसंच होईल असं नाही, पण रक्तस्रावाची भीती असलेल्या आजारात ते मुद्दाम पोटात घालण्याचं कारण काय?
दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. स्पिरुलिना खाल्ली की शौचाचा रंग गडद हिरवा होतो, काही जणांचा काळपट. डेंगीत आम्ही नातेवाइकांना सांगतो की डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच झालं तर लगेच आणा, आतड्यात रक्तस्राव असू शकतो. घरात हिरव्या गोळ्या चालू असल्या की ती खूण वाचता येत नाही. कुणी उगाच घाबरतं, आणि कुणी ‘गोळ्यांमुळे असेल’ म्हणून खरा रक्तस्राव दुर्लक्षितं. लोहाच्या गोळीचंही हेच. म्हणून डेंगीचा संशय आला की दोन्ही बंद. ताप जाऊन भूक परत येईपर्यंत सुरू करायचं नाही.
ताप अंगात असताना काम पाण्याचं आहे. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पाकीट अर्धं करून अंदाजानं नको. दर चार-सहा तासांनी लघवीला होते का बघा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर. यकृताचा आजार किंवा रोजचं पिणं असेल तर तेही विचारूनच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. रक्त पातळ करायची ॲस्पिरिन कायमची चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.
ताप उतरला की लोक मोकळे होतात. खरा धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो, पुढचे २४ ते ४८ तास. पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, फार गळाठा किंवा उलट चिडचिड, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर दवाखाना.

निपाणीकर
डॉक्टर, प्लेटलेटचं पटलं. पण प्रतिकारशक्तीवर अभ्यास झालेत ना? जपानचे, कॅनडाचे. ते सगळे खोटे का?

ओपीडी_खानापूर
खोटे नाहीत. फक्त त्यांतून निघतं तेवढंच घ्यायचं.
जपानमध्ये १५ पुरुषांना चार आठवडे रोज क्लोरेलाच्या ३० गोळ्या दिल्या. लाळेतलं आयजीए हे प्रतिद्रव्य वाढलेलं आढळलं. माणसं १५ आणि गोळ्या रोज ३०. आपल्याकडे खपतात त्या दोन गोळ्यांना हा अभ्यास कसा लावणार? आणि लाळेतला आकडा वाढणं म्हणजे सर्दी-ताप कमी येणं नव्हे.
कॅनडातला २००३ चा अभ्यास जास्त कामाचा आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांना क्लोरेलाचा अर्क २०० किंवा ४०० मिलिग्रॅम, २८ दिवस, आणि मधे फ्लूची लस. एकूण गटात लसीचा प्रतिसाद काही वाढला नाही. फक्त ५५ पर्यंतच्या वयोगटात थोडा फरक दिसला. जाहिरातवाले नेमका तो तुकडा उचलतात.
पोषण कमी असलेल्या माणसाचं पोषण सुधारलं की त्याची झुंजायची ताकद सुधारते, हे वादातीत आहे. ते दूध-अंड्यानं होतं, डाळीनं होतं आणि स्पिरुलिनानंही थोडं होईल. चांगलं खाणाऱ्याला वर दोन गोळ्या दिल्यानं विषाणू मरत नाही.
फ्लूत मात्र वेळ गोळ्या चघळण्यात घालवू नका. गरोदर बाई, साठीपुढचे, दमा-मधुमेहवाले यांना ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लागणार असेल तर ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं चांगलं.
आणि खानापूर, चंदगड, दोडामार्गच्या जंगलकडेच्या लोकांसाठी: जानेवारी ते मे मधला ताप डेंगीच असेल असं धरून चालू नका. दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप झाला होता. गोचीड चावली असेल, काजूच्या बागेत किंवा रानात जाणं झालं असेल, आसपास माकडं मेली असतील तर ते आधी सांगा. त्यातही प्लेटलेट पडतात आणि रक्तस्राव होतो.

अथणी_टाकी
सुट्या मालाबद्दल विचारलंय म्हणून उत्पादनाच्या बाजूनं लिहितो. माल कसा तयार होतो ते कळलं की काय विचारायचं ते कळतं.
म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधन संस्थेचं पाण्याचं सूत्र प्रसिद्ध आहे. १००० लिटरला खाण्याचा सोडा साडेचार किलो, सोडियम नायट्रेट दीड किलो, मीठ एक किलो, पोटॅशियम सल्फेट एक किलो, डायपोटॅशियम फॉस्फेट अर्धा किलो, मॅग्नेशियम सल्फेट २०० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ४० ग्रॅम, फेरस सल्फेट १० ग्रॅम. शेवटची दोन वेगवेगळी विरघळवून सगळ्यांत शेवटी घालायची, नाहीतर फॉस्फेटबरोबर पांढरा गाळ बसतो आणि ते शेवाळाला मिळतच नाही. अथणी-रायबागकडचं बोअरचं जड पाणी वापरलं की हाच गाळ फुकटात मिळतो. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी बरं.
पाण्याची खोली १५-२० सेंटिमीटर, पीएच ९ ते १०.५, तापमान ३० ते ३५ अंश. पीएच ९ च्या खाली आला की दुसरी हिरवी शेवाळं आणि कीटक घुसतात. स्पिरुलिना तगते ती या खारट, सोड्याच्या पाण्यात बाकीच्यांचा निभाव लागत नाही म्हणून. पावसाचं पाणी टाकीत पडलं की नेमकं ते संरक्षण जातं. त्यामुळे आपल्याकडे वर छप्पर नसलेली टाकी जून ते सप्टेंबर बंदच ठेवायला हवी. खानापूरच्या पावसात तर विचारूच नका. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र १४-१५ अंशांवर येते, तेव्हा वाढ मंदावते. ऊन-उबेच्या महिन्यांत एका चौरस मीटरला दिवसाला ६ ते १० ग्रॅम सुका माल निघतो. थंडीत-पावसातही कुणी तेवढाच माल विकत असेल तर तो कुठून येतो ते विचारा.
पुढची अडचण आपल्या भागाची खास. गाळप हंगामात साखर कारखान्याजवळच्या गावात बगॅसची, म्हणजे उसाच्या जाळलेल्या चिपाडाची, काळी राख सगळीकडे पडते, उघड्या टाकीतही पडते. वर शेडनेट पुरत नाही, प्लास्टिकच लागतं. तंबाखू-उसाच्या रानाला लागून टाकी असेल तर फवारणीचा झोत येतो. आणि काही जण स्वस्त पडतं म्हणून शेतीचंच खत टाकीत घालतात. फॉस्फेट खतात कॅडमियम असू शकतं, आणि स्पिरुलिना पाण्यातले धातू चांगलेच शोषते. फूड ग्रेड रसायनाचं बिल दाखवा म्हणायला लाजू नका.

हुक्केरी_६९
काढणी आणि वाळवण कसं असतं? सुटा माल कधी कधी मासळीसारखा वास मारतो.

अथणी_टाकी
तो वास वाळवणीत मार खाल्ल्याचा.
काढणी सकाळी, ५० मायक्रॉनच्या आसपासच्या कापडातून. लगदा स्वच्छ पाण्यानं धुतात, नाहीतर सोडा राहतो आणि जीभ चरचरते. मग दाबून पाणी काढायचं. दाबलेल्या १०० ग्रॅम लगद्यातून सुका माल जेमतेम २० ग्रॅम. तो शेवेच्या साच्यातून बारीक शेव पाडून ६० अंशांच्या आत वाळवायचा, शेव कट्कन मोडली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे. ओल्या लगद्याला तासाभरातच हवा लागून वास सुटायला लागतो, म्हणून काढणी झाली की तो तसाच ठेवायचा नाही. पावसाळ्यात हवेतच ओल असते, गच्चीवर सतरंजीवर घातलेली शेव दोन दिवसांत वाळत नाही, बुरशी धरते. जास्त आंच दिली तर निळा रंग जळतो आणि माल तपकिरी होतो.
टाकीतलं पाणी पिवळसर पडलं तर नायट्रोजन संपलाय. पांढरा फेस येऊन घाण वास सुटला तर पेशी फुटल्यात, तो घाणा सगळा ओतून द्यायचा. ‘गाळून घेतलं की झालं’ म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नये.

काउंटर_टिळकवाडी
काउंटरवर करता येईल अशी तपासणी काय?

लॅब_वडगाव
पूर्ण तपासणी काउंटरवर होत नाही, पण दोन गोष्टी घरी बघता येतात. काचेच्या ग्लासात गार पाणी, चिमूटभर पावडर, न ढवळता बाजूला ठेवा. लगेच चकचकीत हिरवं पाणी झालं तर रंग घातल्याचा संशय घ्या, कारण पानातलं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. चांगल्या स्पिरुलिनाचं पाणी काही तासांनी निळसर होतं. ते गाळून उन्हात बाजूनं पाहिलं तर लालसर झाक दिसते, ही फायकोसायनिनची ओळख. क्लोरेलात हे द्रव्य नसतं, त्यामुळे तिथं निळं पाणी दिसत नाही. निळं आलंच नाही तर माल जुना किंवा भाजलेला असू शकतो.
मात्र निळं पाणी आलं म्हणजे माल सुरक्षित असं समजू नका. शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा आणि जंतूंच्या मोजणीचा बॅचवार अहवाल मागा. मायक्रोसिस्टिन या यकृताला घातक विषाचीही नोंद असली पाहिजे. स्पिरुलिना स्वतः ते विष करत नाही, पण टाकीत दुसरी निळी-हिरवी शेवाळं शिरली तर येऊ शकतं. नैसर्गिक तळ्यातून काढलेल्या मालात ही भीती जास्त. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं १९९७ मध्ये अशा मालाला ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, ती तळ्यातल्या शेवाळामुळेच. म्हणून तलावातलं हिरवं काढून वाळवणं हा प्रयोग कुणी करू नका.
पाकिटावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि दोन्ही तारखा बघा. क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का तेही बघता येतं. बिनक्रमांकाचं सुटं पाकीट मी तरी आजारी माणसाला देऊ नये म्हणेन.

शहापूर_वाचक
आमच्याकडं जैन आणि लिंगायत घरांत अंडी-मांस नाही. डबीवर बी१२ लिहिलेलं असतं. आजारपणानंतर त्यासाठी घेता येईल का?

आहार_अक्का
बी१२ साठी नाही. स्पिरुलिनात जे दिसतं त्यातलं बहुतांश खोटं बी१२, म्हणजे माणसाच्या शरीराला न वापरता येणारं रूप. जंतूंवर आधारलेल्या जुन्या चाचणीत ते बी१२ म्हणूनच मोजलं जातं, म्हणून डबीवर आकडा मोठा दिसतो. क्लोरेलात खरं बी१२ आढळलंय, पण मालागणिक प्रमाण बदलतं, भरवसा ठेवण्यासारखं नाही. दूध, दही, ताक घ्या, आणि रक्तात कमी निघालं तर डॉक्टरांनी लिहिलेली बी१२ ची गोळी किंवा इंजेक्शन. हिरव्या गोळ्यांवर विसंबून बी१२ ची तपासणी पुढं ढकलणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे.

निपाणीकर
मग ताप गेल्यावर घ्यायचंच असेल तर पद्धत सांगा की. आणि कुणी मुळीच घेऊ नये तेही.

आहार_अक्का
ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले, भूक लागतेय, पोट ठीक आहे, तर पहिले तीन-चार दिवस रोज १ ग्रॅम, जेवणाबरोबर. गॅस, मळमळ किंवा जुलाब झाले नाहीत तर ३ ग्रॅमपर्यंत. ५ च्या वर जायची गरज मला दिसत नाही. सहा ते आठ आठवडे घेऊन बंद. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं.
पावडर गरम आंबिलीत, चहात किंवा उकळत्या आमटीत घालू नका. ६० अंशांच्या वर निळं द्रव्य बिघडतं, वासही उग्र होतो. गार ताकात जिरं-मीठ घालून किंवा दह्यात कालवून जातं. नाचणीची आंबील करायची तर ती गार झाल्यावर. चहा-कॉफीपासून तासभर लांब ठेवा, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर.
पण आधी ताट भरा. ज्वारीची मऊ भाकरी, मुगाची घट्ट आमटी, दही, एक पेरू, चालत असेल तर दोन अंडी. कुणाला फार खाववत नसेल तर शेंगदाण्याचा लाडू दिवसातून दोनदा. गोकाकचं करदंट, म्हणजे गूळ-सुकामेव्याची मिठाई, ताकदीला चांगलं म्हणून सर्रास देतात, मधुमेहवाल्यांनी त्यातला गूळ लक्षात घ्यावा. हे ताट जमत असेल तर हिरवी डबी नाही घेतली तरी काही बिघडत नाही.

ओपीडी_खानापूर
कुणी घेऊ नये: फेनिलकीटोनुरिया असलेली मुलं. या जन्मजात आजारात प्रथिनांतलं फेनिलॲलानिन शरीराला पचवता येत नाही, आणि स्पिरुलिनात ते भरपूर. ल्युपस, डर्मॅटोमायोसायटिससारखे स्वतःच्या शरीरावर उलटणारे आजार. स्पिरुलिना घेतल्यावर ते भडकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूत्रपिंड बदललेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. वॉरफेरिन हे रक्त पातळ करायचं औषध घेणाऱ्यांनी विशेषतः क्लोरेला नको, त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, हलतो. वातरक्त, म्हणजे युरिक ॲसिडवाल्यांनी मोठी मात्रा टाळावी. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.
चिकनगुनियानंतरचे सांधे महिनोन्‌महिने धरतात, त्यावर हिरव्या गोळ्यांनी फरक पडतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तिथं हलका व्यायाम, शेक आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध.
अंगावर पुरळ, ओठ सुजणं, धाप लागणं झालं तर लगेच बंद करून दवाखाना. आणि रक्त तपासायला जाताना ‘हे घेतोय’ म्हणून सांगा, आयुर्वेदिक समजून लपवू नका.

हुक्केरी_६९
डबी उघडल्यावर किती दिवस टिकते? पावसाळ्यात आमच्याकडं मीठसुद्धा पाणी सोडतं.

लॅब_वडगाव
छापील तारीख बंद डबीची असते. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा, तेही ओल लागली नाही तर. म्हणून आजारपणानंतर ६०० गोळ्यांचा मोठा डबा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, ६० चीच घ्या. सिलिकाची पुडी काढून टाकू नका, ओल्या हातानं गोळी काढू नका, फ्रिजच्या वर किंवा चुलीजवळ ठेवू नका, तिथं गरम होतं. गोळीवर पांढुरके ठिपके दिसले, पावडरचे गोळे झाले किंवा मासळीचा वास आला की फेकायची. उन्हात घालून पुन्हा वाळवायची नाही, वास जातो पण बुरशीनं केलेलं विष जात नाही.